एनक्लेक्स-आरएन: अभ्यास असूनही नापास करणाऱ्या चुका

महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की परिचारिका म्हणून काम सुरू करता येते. पदवी आणि परवाना यांच्यामध्ये आणखी एक परीक्षा आडवी येत नाही. अमेरिकेत मात्र पदवी हातात असली तरी एनक्लेक्स-आरएन उत्तीर्ण झाल्याखेरीज रुग्णाला हात लावण्याची परवानगी मिळत नाही. ही परीक्षा तिथल्या राज्य नर्सिंग मंडळांची राष्ट्रीय परिषद तयार करते, आणि आपल्याकडील उमेदवारांना ती मुंबईत बसूनही देता येते. मी स्वतः पहिल्या प्रयत्नात नापास झाले. त्यानंतर अनेक ज्युनिअर मुलींच्या तयारीत डोकावण्याची संधी मिळाली, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत गेली: ज्ञान कमी पडले म्हणून नापास होणाऱ्यांपेक्षा आपल्या वॉर्डातल्या आणि विद्यापीठाच्या परीक्षेतल्या सवयी तशाच बरोबर नेल्यामुळे नापास होणाऱ्या अधिक असतात.

वॉर्डातली सवय परीक्षेत नेणे

आपल्या रुग्णालयांत काही बिघडले की सिस्टरने सर्वप्रथम आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोन करावा, असे अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे चार पर्यायांत ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय दिसला की बोट आपोआप त्याच्याकडे जाते. प्रश्न असा असतो: रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटे झाली आहेत, रुग्णाला थंडी वाजते आहे आणि कंबर दुखते आहे, परिचारिकेने सर्वप्रथम काय करावे? डॉक्टरांना कळवायचे आहेच. पण ते रक्त थांबवल्यानंतर, नवी नळी जोडून सलाइनने शीर चालू ठेवल्यानंतर. फोन लागेपर्यंत रक्त आत जात राहिले तर नुकसान कोणाचे होते, हा त्या प्रश्नाचा खरा गाभा असतो. प्रसूतीनंतर गर्भाशय मऊ लागत असेल आणि रक्तस्राव वाढला असेल, तर आधी फंडसचा, म्हणजे गर्भाशयाच्या वरच्या भागाचा, मसाज करायचा, फोन त्यानंतर.

यावरून काही शिकवण्यांमध्ये ‘डॉक्टरांना कळवा हा पर्याय नेहमीच चुकीचा’ असा नियम सर्रास सांगितला जातो, आणि तो तितकाच घातक आहे. हाताला प्लास्टर घातलेल्या रुग्णाची वेदना औषध देऊनही वाढत असेल, बोटे हलकेच ताणली तरी तो कळवळत असेल, तर परिचारिकेने स्वतःच्या अधिकारात करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तिथे तातडीने कळवणे हेच उत्तर असते. म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: पुरेशी तपासणी झाली आहे का, आणि या क्षणी माझ्या हातात रुग्णाला वाचवणारी एखादी कृती आहे का?

कामाच्या वाटणीबाबतही हेच घडते. आपल्याकडे मावशी रुग्णाला भरवतात, वॉर्डबॉय शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पहिल्यांदा उठवून चालवतो, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. एनक्लेक्समध्ये नोंदणीकृत परिचारिका, तिच्या हाताखालची परवानाधारक व्यावहारिक परिचारिका आणि परवाना नसलेला मदतनीस अशी तीन पायऱ्यांची उतरंड असते, आणि कोणते काम कोणत्या पायरीवर सोपवता येते यावर बरेच प्रश्न येतात. पक्षाघातामुळे गिळताना त्रास होणाऱ्या रुग्णाला भरवणे मदतनीसाकडे देता येत नाही, कारण श्वासनलिकेत घास जाण्याचा धोका ओळखणे हे तपासणीचे काम आहे. स्थिर रुग्णाच्या लघवीच्या पिशवीतील मोजमाप मात्र खुशाल देता येते. पहिली तपासणी, रुग्णाला शिकवणे आणि परिणामाचे मूल्यमापन ही तीन कामे नोंदणीकृत परिचारिकेने स्वतःकडेच ठेवायची. २०२३ च्या परीक्षा आराखड्यात रुग्णसेवेच्या व्यवस्थापनाला १५ ते २१ टक्के वाटा होता, म्हणजे सर्व विभागांत सर्वाधिक. आपल्या मुली मात्र हा विभाग ‘सामान्य ज्ञान’ समजून शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात.

तिसरी सवय नातेवाइकांची. ‘बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका’ असे मुलगा म्हणाला, तर आपल्याकडे बहुतेक वेळा ते ऐकले जाते. या परीक्षेत निर्णयक्षम रुग्णाचा अधिकार मुलाकडे जात नाही. रुग्णाला काय जाणून घ्यायचे आहे, हे त्यालाच विचारायचे असते. रुग्णाला इंग्रजी येत नसेल तर संमतीची माहिती नातवाकडून भाषांतरित करून घेणे चूक ठरते, तिथे प्रशिक्षित दुभाषीच हवा. यात आपली पद्धत वाईट आणि त्यांची चांगली असा निवाडा करण्याचे कारण नाही, पण जिथे काम करायचे आहे तिथल्या नियमांनीच उत्तर द्यावे लागते.

आधी कोणाकडे जायचे?

‘चार रुग्णांपैकी प्रथम कोणाला पाहाल’ या प्रश्नात संख्येच्या मागे धावणे ही नेहमीची चूक आहे. एका बाजूला जुन्या सीओपीडीचा (श्वासमार्ग कायम अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा) रुग्ण असतो, ज्याच्या रक्तातील ऑक्सिजन ९० टक्के दाखवतो आहे. दुसऱ्या बाजूला दम्याचा झटका आलेला तरुण असतो, ज्याची छातीतील घरघर अर्ध्या तासापूर्वी मोठी होती आणि आता ऐकू येत नाही. नव्वद हा आकडा पाहून अनेकजणी पहिल्याकडे धावतात. वास्तविक त्याच्या आजारात तो आकडा अपेक्षित आहे. दुसऱ्याची छाती शांत झाली ती बरा झाला म्हणून नव्हे, तर हवा जवळजवळ आत-बाहेर होत नाही म्हणून. अपेक्षित आणि अनपेक्षित, जुने आणि नवे, स्थिर आणि ढासळणारे असा भेद करायची सवय लागली की श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा पाठ केलेला क्रमही नीट वापरता येतो. नुसता क्रम पाठ असून भागत नाही, कारण चारही रुग्णांना श्वासाचाच त्रास असलेले प्रश्न मुद्दाम घातलेले असतात.

औषधांची दोन नावे

फार्माकॉलॉजी उत्तम येणारी मुलगीही प्रश्नातले औषधच ओळखू शकत नाही, असे होते. परीक्षेत ब्रँडची नावे नसतात, जेनेरिक नावे असतात, आणि तीही अमेरिकी. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन, रिफाम्पिसिन म्हणजे रिफाम्पिन आणि ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. ही यादी तयारीच्या पहिल्याच आठवड्यात वहीच्या आतल्या पानावर लिहून टाकावी. वजन पौंडांत दिलेले असेल तर २.२ ने भागून किलो करणे, हेही हातात बसलेले असावे. मात्रेच्या गणितातील बऱ्याच चुका गणिताच्या नसतात, तर हे भागायचे राहिल्याच्या असतात.

परीक्षेचे यंत्र न समजणे

विद्यापीठाच्या परीक्षेत अवघड प्रश्न सोडून पुढे जाता येते आणि शेवटी परत येता येते. इथे उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही आणि मागे जाता येत नाही. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर उमेदवाराच्या उत्तरांप्रमाणे बदलत जाणारी आहे: उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण, चुकले की थोडा सोपा. परिणामी चांगली तयारी असलेल्या उमेदवारालाही जवळपास निम्मे प्रश्न चुकल्यासारखे वाटतात. चाळिसाव्या प्रश्नाला ‘मला काहीच येत नाही’ असे वाटून हातपाय गाळणे, ही मी स्वतः केलेली चूक. प्रश्न कठीण वाटणे हे नापास होण्याचे लक्षण मुळीच नव्हे.

कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात आणि वेळ पाच तासांचा असतो. त्यांपैकी १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरले जात नाहीत. ते कोणते हे कळत नाही, म्हणून विचित्र प्रश्न आला की तो चाचणीचाच असेल असे मानून वाटेल ते उत्तर ठोकू नये. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. तो ८५ वर थांबला याचा अर्थ पास किंवा नापास यांपैकी काहीही असू शकतो. दीडशे प्रश्न येऊ शकतात असे धरून प्रश्नाला सरासरी दोन मिनिटे ठेवावीत. पहिला ऐच्छिक विराम दोन तासांनी आणि दुसरा साडेतीन तासांनी मिळतो, पण घड्याळ चालूच राहते. तरीही पहिला विराम अवश्य घ्यावा, कारण पाणी पिऊन आलेल्या डोक्याला प्रश्नातला ‘वगळता’ हा शब्द दिसतो, थकलेल्याला तो दिसत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचे स्वरूप बदलले, आणि त्याआधीच्या नोट्स व पीडीएफ अजूनही व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. आता एकाच रुग्णाच्या केस पेपरवर आधारित सलग सहा प्रश्न येतात आणि प्रत्येक उमेदवाराला असे गुण असलेले तीन संच सोडवावे लागतात. त्यांत लक्षणे ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे, शक्यतांचा क्रम लावणे, उपाय सुचवणे, कृती करणे आणि परिणाम तपासणे हा निर्णयाचा संपूर्ण प्रवास पाहिला जातो. ‘लागू असलेले सर्व निवडा’ या प्रकारात पूर्वी एक जरी चुकले तरी शून्य मिळत असे. आता अंशतः गुण मिळतात, पण बरोबर पर्यायाला एक गुण आणि चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा, अशी पद्धत असल्यामुळे ‘सगळ्यांवरच टिचकी मारू’ ही युक्ती अंगाशी येते. प्रत्येक पर्याय स्वतंत्रपणे खरा की खोटा ठरवावा आणि ज्याची खात्री नाही तो सोडून द्यावा.

प्रश्नसंख्या मोजण्याचा मोह

‘माझे तीन हजार प्रश्न झाले’ असे अभिमानाने सांगणाऱ्या मुलीला मी विचारते की त्यांतल्या चुकलेल्या प्रश्नांचे स्पष्टीकरण किती वेळा वाचले. रात्रपाळी करून आल्यावर दीडशे प्रश्न झोपाळलेल्या डोळ्यांनी उडवण्यापेक्षा चाळीस सोडवून, प्रत्येक चुकीच्या पर्यायाचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहिणे कितीतरी उपयोगी ठरते. आणि ‘परीक्षेत आलेले प्रश्न’ म्हणून टेलिग्रामवर विकल्या जाणाऱ्या याद्यांपासून चार हात दूर राहावे. परीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवार गोपनीयता मान्य करतो, आणि प्रश्न फोडण्यात सहभाग आढळल्यास निकालच रद्द होऊ शकतो.

कागदावरच्या नावाचा घोळ

मराठी उमेदवारांना सर्वाधिक मनस्ताप देणारी अडचण अभ्यासाची नाहीच. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि पुष्कळदा शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात, आणि वडिलांचे नाव कोणाच्या पहिल्या रकान्यात असते, कोणाच्या नसते. त्यात लग्न झाले की कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, अशी स्थिती होते. केंद्रावर पासपोर्टवरचे नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले नाही तर आत सोडत नाहीत, आणि भरलेले शुल्क बुडते. म्हणून नोंदणी करताना पासपोर्ट समोर ठेवून अक्षर अन् अक्षर तसेच भरावे. नाव बदलले असेल, तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्राच्या आधारे सर्व कागद आधीच एका नावावर आणावेत.

राज्य निवडतानाही घाई नडते. परवाना राज्य देते, आणि प्रत्येक राज्याच्या कागदपत्रांच्या अटी वेगळ्या असतात; काही राज्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारचा ओळख क्रमांक) मागतात, जो भारतात बसलेल्या परिचारिकेकडे असण्याचा प्रश्नच येत नाही. मैत्रिणीने निवडले म्हणून तेच राज्य निवडू नये. गुणपत्रिका महाविद्यालयातून आणि नोंदणीची पडताळणी कौन्सिलकडून परस्पर जावी लागते, तेव्हा त्यासाठी काही महिने हाताशी ठेवावेत. परवानगीपत्र आल्यावर त्याची मुदत सुरू होते, ती बहुधा ९० दिवसांची असते. अभ्यास अर्धवट असताना कागद आधी पूर्ण करून टाकले, तर ही मुदतच गळ्याशी येते.

परीक्षेनंतर

दोन दिवसांनी अनधिकृत निकाल विकत घेण्याची सोय काही राज्य मंडळांच्याच उमेदवारांना असते, सगळ्यांना नाही. मंडळाकडून येणाऱ्या अधिकृत निकालासाठी सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागू शकते. या काळात पुन्हा नोंदणीचा प्रयत्न करून पडद्यावरचा संदेश पाहण्याची एक क्लृप्ती प्रचलित आहे. ती विश्वासार्ह नाही, आणि कार्डावरून पैसे कापले गेले तर दुसऱ्यांदा शुल्क भरल्यासारखे होते.

नापास झाल्यास किमान ४५ दिवस थांबावे लागते. त्यासोबत एक अहवाल मिळतो, ज्यात प्रत्येक विभागात उमेदवार रेषेच्या वर, जवळ की खाली होता हे लिहिलेले असते. बहुतेकजणी तो रडत बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पानापासून सगळे वाचायला घेतात. मीही आधी तेच केले. दहाव्या दिवशी अहवाल नीट उघडला तेव्हा दिसले की औषधांच्या विभागात मी रेषेच्या वर होते आणि व्यवस्थापनात खाली, आणि मी नव्याने पाठ करायला घेतली होती ती औषधेच. त्या दिवशी औषधांची वही मिटली आणि पुढचे पाच आठवडे रोज सकाळी एकच काम केले: चार रुग्ण, तीन हात, आणि कोणते काम कोणाकडे द्यायचे ते कारणासह लिहून काढणे.