धर्मादाय रुग्णालयात समाजसेवक म्हणून रुजू होताना

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयात रुजू होणाऱ्याने सगळ्यात आधी बिल वाचायला शिकावे. गरिबाच्या उपचाराचा पैसा तिथूनच उभा राहतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायच्या असतात. सध्याची वार्षिक उत्पन्न मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम दरमहा निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये जमा होते. महिन्याचे बिलिंग २ कोटी असेल तर निधीत ४ लाख येतात. स्पेशल रूम रिकाम्या राहिल्या की हा आकडाही खाली येतो. म्हणून मार्केटिंगवाल्यांना परके समजू नका.

निर्धन आणि दुर्बल घटकातल्या रुग्णांच्या बिलाचे दोन भाग पडतात. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नाहीत. बाकीच्या सेवा रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वॉर्ड-वर्गाच्या दराने. औषधे, वापरून टाकायचे साहित्य आणि इम्प्लांट, म्हणजे शरीरात बसवायची साधने, रुग्णालयाच्या खरेदी किमतीने. निर्धन रुग्णाचे हे बिल निधीतून वळते होते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधे, साहित्य व इम्प्लांटच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरावा लागतो. डॉक्टरांनी मानधन सोडले असेल तर ते बिलात दिसता कामा नये.

सर्वाधिक घोळ इथेच होतो. सॉफ्टवेअर एमआरपी उचलते, इम्प्लांट छापील किमतीला चढतो आणि निधी महिन्याच्या मध्यातच आटतो. पुढच्या रुग्णाला मग ‘फंड संपला’ असे उत्तर मिळते, तेही रुग्णालयाने नियमाप्रमाणे पैसे भरलेले असताना. खरेदी विभागाकडून इम्प्लांटच्या खरेदी दरांची यादी मागून घ्या आणि मोठे बिल अंतिम होण्याआधी ओळीओळीने ताडून पाहा. निधीच्या जमा-खर्चात तफावत उरतच राहिली तर ती देखरेख समितीला कळवण्याची सोय योजनेत आहे.

दुसरी अडचण वेळेची. तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका डिस्चार्जच्या दिवशी मागितली तर नातेवाईक तोवर दागिने गहाण टाकून बसलेले असतात. भरती झाल्या दिवशीच वॉर्डात जाऊन विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसत असेल तर आधी तो मार्ग घ्या, म्हणजे निर्धन रुग्ण निधी त्या योजनेत न बसणाऱ्या आजारांसाठी उरतो.

तातडीचा रुग्ण मात्र कागदांसाठी थांबवायचा नाही. डिपॉझिट न मागता दाखल करून, जीव वाचवणारे उपचार देऊन त्याची प्रकृती स्थिर करणे बंधनकारक आहे. काउंटरवर रात्रपाळीला बसणाऱ्याला हे लेखी देऊन ठेवा. अडवणूक बहुधा तिथेच होते.