टक वाजलं की खाऊ

प्राण्यांना शिकवताना टक असा आवाज करणारा क्लिकर कसा वापरायचा, हे मला खऱ्या अर्थाने एका कोंबडीने शिकवलं. त्याआधी चार वर्षं मी कुत्र्यांसोबत काम करत होते आणि आपला हात चांगला बसलाय असं मला वाटायचं. पण कुत्रा माणसाला सांभाळून घेतो. क्लिक जरा उशिरा वाजलं तरी तुमच्या चेहऱ्यावरून, खांद्यावरून तो अंदाज बांधतो. कोंबडीला तुमच्या चेहऱ्याशी काही देणंघेणं नसतं. भुरीला मी लाल चकतीवर चोच मारायला शिकवत होते. चोच चकतीला लागायची आणि माझा अंगठा दाबला जाईपर्यंत तिची मान वर आलेली असायची. वीस-पंचवीस दाणे झाले आणि भुरी चकतीसमोर उभी राहून नुसती मान उंचावायला लागली. मी जे शिकवत होते, तेच ती बिनचूक शिकली होती.

म्हणून पहिला सराव प्राण्याशिवाय करा. घरातल्या कुणालाही चेंडू टाकायला सांगा आणि चेंडू जमिनीला टेकतो त्याच क्षणी क्लिक करा. ते जमलं की चेंडू वर उडवायला सांगा आणि तो सगळ्यात उंच पोचतो तेव्हा क्लिक करा. हे अवघड आहे, कारण तिथे आवाज नसतो, डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. मी आजही नवीन प्राणी हाती घेण्याआधी पाच मिनिटं हे करते.

क्लिकर म्हणजे नुसती टक वाजणारी डबी. त्या आवाजाचा अर्थ एकच: आत्ता जे केलंस त्याचा खाऊ येतोय. खाऊ पोचायला वेळ लागतो, आवाजाला लागत नाही. डॉल्फिनने उडी मारल्यावर तो हवेत असताना त्याच्या तोंडात मासा घालता येत नाही, म्हणून त्यांचे प्रशिक्षक शिट्टी वाजवतात. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुलांचं टकटक वाजणारं खेळणंसुद्धा या कामाला चालतं.

आवाजाला अर्थ यायला हवा, तर आधी काही न मागता क्लिक करा आणि लगेच खाऊ द्या, पंधरा-वीस वेळा. क्लिक आधी, हात नंतर हलला पाहिजे. हात आधी पिशवीकडे गेला तर प्राणी हाताकडे बघत बसतो. आवाज झाल्यावर तो खाऊसाठी वळायला लागला की समजा, अर्थ पोचला. इथून पुढे एक नियम कधीच मोडू नका: क्लिक वाजलं की खाऊ द्यायचाच, चुकून वाजलं तरी. आणि प्राण्याला जवळ बोलवायला क्लिकर वाजवू नका.

खाऊ कुत्र्यासाठी वाटाण्याएवढा, मांजरासाठी त्याच्याही निम्मा. प्राण्याला उपाशी ठेवून शिकवायला माझा ठाम विरोध आहे. रोजच्या जेवणातलाच थोडा भाग बाजूला काढा. कॉकटील जातीच्या पोपटाला सूर्यफुलाच्या बिया आवडतात ना, मग त्या भांड्यात ठेवू नका, फक्त शिकवताना द्या.

आता मनीची गोष्ट. तिला डॉक्टरांकडे न्यायची बास्केट दिसली की ती पलंगाखाली जायची. मी बास्केटचं झाकण काढून ती खोलीच्या मध्यात ठेवली आणि तिने तिकडे नुसतं पाहिलं तरी क्लिक केलं. मग एक पाऊल. मग वास घेणं. मग पुढचा एक पंजा आत. दहापैकी आठ वेळा सहज जमलं की पुढची पायरी, आणि ती अडखळली की एक पायरी मागे. चारही पाय आत गेले त्या दिवशी मी घाई केली आणि झाकण लावलं. पुढचे दोन आठवडे ती बास्केटच्या जवळही आली नाही. पुन्हा ‘नुसतं पाहण्या’पासून सुरुवात केली. या वेळी झाकण आधी फक्त हलवलं, मग अर्ध्या सेकंदापुरतं टेकवलं, मग एक सेकंद. मनी स्वतःहून आत जाऊन बसायला लागली तेव्हा कुठे ‘चल, बास्केट’ हा शब्द जोडला. वागणं पक्कं झाल्यावरच शब्द जोडायचा. आधी जोडला तर अर्धवट वागण्यालाच ते नाव चिकटतं.

प्रत्येक जातीचं तंत्र थोडं वेगळं असतं. मांजराला आणि सशाला कडक आवाज दचकवतो, त्यांच्यासाठी क्लिकर रुमालात गुंडाळा किंवा बटणाचं पेन वापरा. बहिऱ्या कुत्र्याला अंगठा वर केलेला दाखवा. माशांसाठी टॉर्चची छोटी उघडझाप पुरते. घोड्याच्या बाबतीत मात्र जपून. तो खिसे हुंगतो आणि एवढ्या वजनाचा प्राणी अंगावर रेलला तर धोका असतो. पहिले काही दिवस मध्ये कुंपण ठेवा आणि त्याने मान तुमच्यापासून दूर वळवली तरच क्लिक करा. गाजराचा तुकडाही हात लांब करून, त्याची मान सरळ असते त्या जागीच द्या.

प्राण्याच्या स्वभावाविरुद्ध जाऊ नका. स्किनरचे विद्यार्थी ब्रेलँड दांपत्य यांनी १९६१ मध्ये एका रॅकूनबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या एका जंगली प्राण्याबद्दल, लिहिलं. त्याला डब्यात नाणी टाकायला शिकवत होते. एका नाण्यापर्यंत ठीक चाललं. दोन दिली तर तो ती टाकायचं सोडून एकमेकांवर घासत बसायचा, जसा तो खाण्याची वस्तू हाताळतो तसा. खाऊ थांबवूनही ते सुटलं नाही. उलट, स्वभावाची साथ असली तर काम किती पुढे जातं पाहा: टांझानियात क्लिकच्या आवाजावर तयार केलेले आफ्रिकी उंदीर नाकाने भूसुरुंग शोधतात. त्यांच्यातल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये सुवर्णपदकही मिळालं.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. प्राणी अंग खाजवायला लागला, जांभया द्यायला लागला, जमीन हुंगत फिरायला लागला, तर थांबा. त्याला जमणारी एखादी सोपी गोष्ट करून घ्या, खाऊ द्या आणि क्लिकर खिशात ठेवा. वागणं पक्कं झालं की त्यासाठी क्लिकर लागत नाही, शाबासकी आणि अधूनमधून खाऊ पुरतो.

माझ्या काळूची नखं कापायला पूर्वी दोन माणसं लागायची. आता मी जमिनीवर बसते, कात्री समोर ठेवते आणि वाट बघते. तो येतो, पंजा माझ्या मांडीवर ठेवतो. एक नख, क्लिक, खाऊ. त्याने पंजा मागे घेतला की मी कात्री खाली ठेवते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात तो पंजा परत आलेला असतो.