सर्व्हरची डिस्क बदलणे आणि पॅच करणे: आधी काय, मग काय

लिनक्स सर्व्हरवरच्या रेड-१ मधल्या (एकच डेटा दोन्हीकडे ठेवणारी डिस्कची जोडी, म्हणजेच अ‍ॅरे) दोन डिस्कपैकी एक गेली आहे आणि अपडेट्सही (पॅच) तुंबलेत. क्रम पक्का ठेवा: आधी डिस्क, मग पॅच. उलट केलं आणि सर्व्हर उठलाच नाही, तर दोष कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) की डिस्कचा हे शोधण्यातच रात्र जाते, आणि तोवर सगळा डेटा एकाच डिस्कच्या भरवशावर.

वेळेचा हिशेब आधी करा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला जवळपास साडेसात तास लागतात. हे सिंक (जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर डेटा उतरणं) चालू सर्व्हरवर होतं, त्यामुळे हॉट-स्वॅपची (सर्व्हर बंद न करता डिस्क बदलण्याची) सोय असेल तर डिस्क आदल्या दिवशीच बदला. डाउनटाइम (सर्व्हर बंद ठेवायची वेळ) पॅचसाठी राखा.

सुरुवातीला बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स दुसरीकडे रिस्टोअर करून उघडून बघा.

आता डिस्क. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चांगली डिस्क उपसणं. 'एसडीए', 'एसडीबी' ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, सिरियल नंबर बदलत नाही. मेलेली डिस्क अनेकदा स्वतःचा नंबरही सांगत नाही. अशा वेळी जिवंत डिस्कचा नंबर लिहून घ्या, स्टिकरशी ताडा आणि दुसरी काढा. काढण्याआधी 'एमडीएडीएम'ने (लिनक्समधलं रेड सांभाळणारं साधन) मेलेल्या डिस्कला फेल आणि रिमूव्ह करा. हॉट-स्वॅप नसेल तर सर्व्हर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढा, अँटी-स्टॅटिक पट्टा बांधा.

नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) काही सेक्टरनी जरी कमी पडलं तरी अ‍ॅरे ते नाकारू शकतो. पार्टिशन टेबल (त्या भागांची नोंद) जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर कॉपी करताना दिशा दोनदा तपासा, कारण उलटी कॉपी केली तर चांगल्या डिस्कचं टेबल पुसलं जाईल. टेबल जीपीटी प्रकारचं असेल तर नव्या डिस्कचे आयडी बदलून घ्या. मग तिला अ‍ॅरेत जोडा.

ईएफआय पार्टिशन (सर्व्हर सुरू करणाऱ्या फाइल्सचा भाग) बहुधा रेडमध्ये नसतं, ते हाताने तयार करावं लागतं. हे राहिलं तर पुढे जुनी डिस्क गेल्यावर डेटा शाबूत असूनही सर्व्हर बूट होत नाही.

सिंक १०० टक्के झालं की पॅचिंग. '/बूट'मध्ये (कर्नल ठेवायचा फोल्डर) जागा आहे ना ते बघा, ते भरलेलं असेल तर कर्नल अर्धवट बसतो. जुना कर्नल काढू नका. मॉनिटरिंगचे अलर्ट थांबवा, सर्व्हिसेस बंद करा, अपडेट चालवा. रीबूटपूर्वी रिमोट कन्सोलला (सर्व्हरचा स्क्रीन दुरून दाखवणारी सोय) लॉगिन होतंय का ते पाहा, कारण 'एफएसटॅब'मधल्या (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्याची यादी) एका चुकीच्या ओळीनेही सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो आणि तिथे एसएसएच (नेटवर्कवरून नेहमीचं लॉगिन) चालत नाही.

सर्व्हर उठल्यावर अ‍ॅरे, सर्व्हिसेस आणि लॉग तपासा. वेळ उरला तर बूट मेनूतून नवी डिस्क निवडून एकदा बूट करून बघा.