परदेशातील संघटनांसोबत पगारवाढीची बोलणी कशी जुळवावी

नाशिकमधील सातपूर किंवा अंबड येथील बहुराष्ट्रीय कंपनीच्या कारखान्यात त्रैवार्षिक कराराची बोलणी सुरू झाली की, हाच माल दुसऱ्या देशातील आमच्या कारखान्यात स्वस्त पडतो, हे वाक्य व्यवस्थापनाकडून हमखास ऐकू येते. त्याची शहानिशा नाशिकमध्ये बसून होत नाही. ती त्या कारखान्यातील कामगार संघटनाच करून देऊ शकते. म्हणून मागणीपत्र देण्याच्या बरेच आधी, शक्यतो सहा महिने अगोदर, तिच्याशी पत्रव्यवहार सुरू करावा.

पत्र कोणाला लिहायचे, हे आधी नीट ठरवावे. आपली युनियन ज्या केंद्रीय महासंघाशी संलग्न आहे, तो महासंघ इंडस्ट्रिऑल ग्लोबल युनियनचा सदस्य असल्यास जिनिव्हा येथील तिच्या कार्यालयामार्फत योग्य माणसापर्यंत पोहोचता येते. ही जागतिक संघटना 2012 मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाली. मूळ कंपनी जर्मन असेल, तर कारखान्यातील निवडून आलेली कामगार परिषद वेगळी आणि युनियन वेगळी, हे लक्षात ठेवावे. तेथील कायद्यानुसार सामूहिक करारात ठरणाऱ्या पगारावर परिषद स्वतंत्र करार करू शकत नाही आणि संपही पुकारू शकत नाही. माहितीसाठी परिषद उपयोगी पडते, परंतु पगाराच्या बोलण्यांसाठी आयजी मेटल या धातू कामगारांच्या संघटनेसारख्या युनियनकडेच जावे लागते.

यानंतरचे सर्वांत किचकट काम म्हणजे तुलनेचा तक्ता. युरोचे रुपये करून दोन पगार शेजारी मांडले, तर त्यातून हळहळीपलीकडे काही हाती लागत नाही. पश्चिम जर्मनीच्या धातू उद्योगात 1995 पासून आठवडा 35 तासांचा आहे, आपल्याकडे तो 48 तासांचा. त्यामुळे प्रथम तासाचा दर काढावा. त्यात बेसिक, महागाई भत्ता, पाळी भत्ता, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या स्वतंत्र रकान्यांत नोंदी कराव्यात. सीटीसीचा, म्हणजे एका कामगारामागे कंपनीला येणाऱ्या एकूण खर्चाचा, एकच आकडा स्वीकारू नये. त्याच लाइनवरील कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांचा दर वगळला, तर तक्ता व्यवस्थापनाच्या सोयीचा होतो. शेवटच्या रकान्यात एका नगामागे लागणारी मिनिटे लिहावीत, कारण ‘स्वस्त’ या शब्दाचा खरा हिशेब तेथेच उघडा पडतो.

दोन देशांत समान पगार मागणे व्यवहार्य नाही; समान नियम मात्र मागता येतो. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनी येथील संघटनांनी 1998 मध्ये डच गावी डोर्न येथे असाच नियम ठरवला : पगारवाढ किमान महागाई आणि उत्पादकतावाढ यांच्या बेरजेइतकी असावी, जेणेकरून कोणी शेजाऱ्यापेक्षा स्वस्तात काम घेऊन त्याचा रोजगार ओढू नये. तो नियम बंधनकारक नव्हता आणि खुद्द जर्मनीतील पगारवाढ पुढे काही वर्षे त्याच्या खाली राहिली, हे विसरू नये. तरीही मोजमापाची काठी म्हणून तो आपल्याला चालतो. महागाईसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक मूल्य निर्देशांक (पायाभूत वर्ष 2016) घ्यावा आणि उत्पादकतेसाठी पाळीगणिक नगांच्या नोंदी युनियनने स्वतः ठेवाव्यात. नवे यंत्र आल्यामुळे वाढलेल्या उत्पादनाचे श्रेय कोणाचे, यावर वाद होणारच. त्याची तयारी आधी असावी.

संप काळात एकमेकांचे वळवलेले काम न घेण्याचा शब्द द्यायचा असल्यास मसुदा वकिलाला दाखवावा, कारण महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात हेतुपुरस्सर काम मंद करणे ही संघटनेची अनुचित प्रथा मानली आहे. परदेशातून निधी मिळणार असेल, तर परकीय योगदान कायदा, 2010 तपासल्याशिवाय एक रुपयाही खात्यात घेऊ नये.

पहिली पाळी दुपारी तीनला सुटते, तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. महिन्यातून एकदा ऑनलाइन बैठकीसाठी हीच वेळ ठेवावी. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त दोन्ही बाजूंनी त्याच आठवड्यात मंजूर करावे आणि पुढील करारांच्या मुदती शक्यतो एकाच हंगामात संपतील, हा विषय पहिल्याच बैठकीत घ्यावा.