नवा बॉल घेण्याआधी जुन्याला पॅड मारा: बोलिंग बॉल आणि सरफेसच्या या चुका टाळा

बोलिंग लीगमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "हा बॉल आता लागतच नाही यार, नवीन घ्यायला पाहिजे." इकडे मिशिगनमध्ये थंडी पडली की ऑफिसातली बरीच मराठी मंडळी लीगला नाव देतात, पहिल्या सीझनला भाड्याचे शूज आणि सेंटरचा बॉल, दुसऱ्या सीझनला स्वतःचा बॉल, आणि तिसऱ्या सीझनला बॅगेत तीन बॉल असतात, तरी सगळे सारखेच वागतात किंवा एकही वागत नाही. बहुतेक वेळा बॉलमध्ये काहीच खोट नसते, त्याच्या सरफेसकडे, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग किती खरखरीत किंवा गुळगुळीत आहे त्याकडे, कोणी बघितलेलंच नसतं. यूएसबीसीने (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) बॉल मोशनवर मोठा अभ्यास केला होता, त्यात बॉलच्या वागण्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत सरफेसचा खरखरीतपणा अगदी वर आला. सरफेस बदलायला बॉल ज्या गोल पॅडने घासतात त्याचा खर्च नव्या बॉलच्या मानाने किरकोळ आहे, तरी लोक आधी बॉलच विकत घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थोडं बेसिक. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी ओलांडायची नाही ती रेघ) पहिली पिन ६० फुटांवर, लेनला ३९ बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या. नेहमीच्या हाउस पॅटर्नमध्ये, म्हणजे सेंटर रोज लेनवर ज्या पद्धतीने ऑइल लावतं त्यात, साधारण पहिले ४० फूट ऑइल असतं, मधल्या बोर्डांवर भरपूर आणि कडेला कमी, पुढे पिनपर्यंत कोरडं. बॉल आधी घसरतो, मग वळायला लागतो, मग सरळ रोल होतो. सरफेसचं काम एवढंच, की घसरणं कुठे संपणार ते ठरवायचं. ग्रिट म्हणजे पॅडचा नंबर, आकडा जितका लहान तितका सरफेस खरखरीत. ५०० ग्रिटचा खरखरीत बॉल ऑइलमधून खालची लेन लवकर पकडतो, ४००० चा किंवा पॉलिश केलेला उशिरा पकडतो. ओल्या शहाबादी फरशीवर नवी चप्पल आणि घासून गुळगुळीत झालेली चप्पल यात जो फरक, तोच हा.

सगळ्यात मोठी चूक: वेगवेगळ्या सरफेसचे बॉल शेजारी ठेवून तुलना करणं

मित्राचा बॉल घेऊन दोन फ्रेम टाकल्या, तो मस्त वळला, म्हणून तोच मॉडेल मागवला, असं सर्रास चालतं. पण मित्राने परवाच २००० चा पॅड मारलेला असतो आणि तुमचा बॉल मागच्या सीझनपासून तसाच आहे, मग तुम्ही दोन बॉलची तुलना करत नाही आहात, दोन पॅडची करताय. फॅक्टरीतून येणारा फिनिश पहिल्या काही गेममध्येच बदलायला लागतो, लेनवर घासून घासून त्याला एक चकाकी येते, त्याला लेन शाइन म्हणतात, आणि खोक्यावर २००० लिहिलेला बॉल त्यानंतर २००० राहिलेला नसतो. म्हणजे "नवा होता तेव्हा कसला लागायचा" ही तक्रार खरी आहे, पण बॉल मेलाय असं नाही, त्याचा सरफेस गेलाय.

तुलना करायचीच असेल तर दोन्ही बॉल आधी स्वच्छ करा, दोन्हींना त्याच ग्रिटने तयार करा, त्याच लेनवर एकामागोमाग एक टाका, ताज्या ऑइलवर एकदा आणि दोन-तीन गेम झाल्यावर एकदा. आणि पिन बघू नका! स्ट्राइक पडला म्हणजे बॉल चांगला असं काही नसतं. बॉल कुठे वळायला लागला ते बघा, मागून कोणालातरी मोबाइलवर शूट करायला सांगा, घरी जाऊन हळू करून बघा, त्यात सगळं दिसतं.

कंपन्यांच्या चार्टवर पण फार विसंबू नका. एका कंपनीचा हुकचा (बॉल किती वळतो त्याचा) आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी जुळवता येत नाही, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. शिवाय चार्टवरचे आरजी आणि डिफरेन्शियलचे आकडे (बॉलच्या आत वजन कसं वाटलंय ते सांगणारे) सहसा १५ पाउंडाच्या बॉलचे असतात, आणि १२ पाउंडाच्या बॉलमध्ये बऱ्याचदा आतला कोअरच वेगळा असतो. रिव्ह्यूचे व्हिडिओ बघतानाही टाकणारा कोण आहे ते बघा. दोन हातांनी टाकणाऱ्या व्यावसायिक खेळाडू जेसन बेलमाँटेसारखे रेव्ह (बॉलला दिलेले फेरे) ज्याच्या हातात आहेत त्याला जो सरफेस चालतो, तो जोरात सरळ टाकणाऱ्या माणसाला चालेलच असं नाही. स्पीड जास्त आणि रेव्ह कमी असतील तर जास्त खरखरीत सरफेस लागतो, उलट असेल तर कमी.

"खरखरीत म्हणजे जास्त हुक" हा गैरसमज

ऑइल भरपूर असेल तर ठीक. पण कोरड्या लेनवर १००० चा सॉलिड बॉल (लवकर लेन पकडणारं कव्हर असलेला) टाकला की तो पहिल्या ३० फुटांतच वळायला लागतो, ताकद तिथेच खर्च करतो आणि पिनजवळ पोचेपर्यंत त्याच्यात काही उरत नाही, दिसायला मात्र "वळत नाहीये" असं दिसतं. मग माणूस अजून खरखरीत करतो आणि अजून बिघडवतो. तिथे पॉलिश केलेला पर्ल बॉल (उशिरा लेन पकडणारं कव्हर असलेला) पुढे सरकून शेवटी झटकन वळतो, म्हणजे त्या दिवशी चकचकीत बॉलच जास्त हुक दाखवतो. युरेथेन बॉल हा तिसरा प्रकार, तो लवकर वळायला लागतो पण वळण सौम्य असतं, छोट्या पॅटर्नवर छान चालतो, पण त्याच लेनवर दोन-तीन जण युरेथेन टाकत असतील तर ऑइल पुढे पुढे ढकललं जातं आणि तासाभराने सगळ्यांचेच बॉल उशिरा वळायला लागतात. अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देत बसू नका.

पॅटर्नची लांबी कळली तर एक सोपं गणित आहे: लांबीतून ३१ वजा करा, जो आकडा येईल त्या बोर्डाच्या आसपास बॉल पॅटर्न संपताना असायला हवा. बोर्ड आपल्या टाकण्याच्या हाताच्या कडेपासून मोजायचे: ४२ फुटांना ११ वा बोर्ड, ३६ फुटांना ५ वा. ही फक्त सुरुवात आहे, पण लांब पॅटर्नवर कडेने टाकून बॉल परत येण्याची वाट बघत बसणाऱ्यांची यातून सुटका होते.

१० नंबरची पिन उभी राहिली तर आधी कारण शोधा

हे उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी १० च्या जागी ७ वाचायचं आणि ६ च्या जागी ४. बॉल पॉकेटला, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांच्या मधे, लागला, १० (मागच्या ओळीतली उजव्या टोकाची) उभी, आणि ६ नंबरची पिन बाजूच्या गटरमध्ये नुसती लोळली, याला फ्लॅट टेन म्हणतात. गंमत म्हणजे याची दोन अगदी उलटी कारणं असू शकतात. बॉल लवकर वळून थकला तरी फ्लॅट टेन येतो आणि बॉल शेवटपर्यंत घसरतच राहिला तरी येतो. पिना बघून हे कळणारच नाही, बॉलच बघावा लागतो. लवकर वळून शेवटी सरळ चालला असेल तर ग्रिट वाढवा, ३००० वर न्या किंवा पॉलिश करा, किंवा बॅगेतला चकचकीत बॉल काढा. पार पुढे जाऊन ऐनवेळी वळला असेल तर उलट करा, २००० किंवा १००० वर आणा. ५ नंबरची पिन उभी राहत असेल तर बॉल पिनांना लागून बाजूला फेकला जातोय, तिथेही हीच तपासणी. ९ एकटी उभी राहिली तर बहुतेकदा बॉल फार तिरका येतोय, तेव्हा सरफेस थोडा जास्त खरखरीत केला की वळण सौम्य होतं. आणि एक बॉल पहिल्या पिनच्या डोक्यावर, पुढचा पॉकेटच्या अलीकडे, असं चालू असेल तर चकचकीत बॉल बाजूला ठेवा, खरखरीत बॉल ओल्या-कोरड्यातला फरक बराच झाकतो.

पॅड मारतानाच्या चुका

फक्त ट्रॅकवर, म्हणजे बॉलवर जिथे ऑइलच्या रेघा उमटतात तेवढ्याच पट्ट्यावर पॅड घासू नका, पूर्ण बॉल करा. स्पिनरवर (बॉल गरगर फिरवणारं यंत्र) चार किंवा सहा बाजूंनी, प्रत्येक बाजूला सारखा वेळ, सारखा दाब, आणि पॅड ओला. स्पिनर नसेल तर प्रो शॉपला द्या, हाताने केलं तर एकसारखं होणं अवघड असतं. ॲब्रॅलॉनचा (पॅडचा एक ब्रँड) पॅड पण झिजतो हो, बरेच बॉल करून झालेला १००० चा पॅड १००० चं काम करत नाही, म्हणून जुन्या पॅडवर तारीख लिहून ठेवायची सवय चांगली. दुसरं म्हणजे खालचा बेस. "५००, त्यावर २०००" आणि नुसता २००० हे वेगळे वागतात, तसंच ५०० वर केलेलं पॉलिश आणि ४००० वर केलेलं पॉलिश हेही वेगळं. काय केलं ते टेप लावून बॅगेवर लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात आठवत नाही आणि चांगला जमलेला सरफेस परत मिळत नाही.

पॅडच्या आधी बॉल धुवा हेही सांगतो, कारण रिॲक्टिव्ह बॉल (वरचे सॉलिड आणि पर्ल याच जातीचे) ऑइल शोषतो. तेलकट बॉलवर पॅड मारलं तर पॅड भरतो आणि बॉल तसाच राहतो. खेळून झाल्या झाल्या लगेच क्लीनरने पुसणं सगळ्यात उत्तम, आत मुरलं की काढणं कठीण. आणि बॉल गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाळ्यात नाही आणि इकडच्या हिवाळ्यात तर अजिबात नाही, तापमानाच्या झटक्याने तडा जातो.

लीग यूएसबीसीची असेल तर स्पर्धा चालू असताना पॅड मारता येत नाही, तो आधीच मारून यायचा. क्लीनरचं लिक्विडही मध्येच वापरता येत नाही, कोरड्या टॉवेलने पुसायचं. जुना बॉल कोणाकडून घेत असाल तर त्याला बॅलन्स होल (बोटांसाठी नसलेलं, वजन सांभाळायला पाडलेलं जास्तीचं भोक) आहे का ते बघा, १ ऑगस्ट २०२० पासून तो चालत नाही, त्यामुळे बुजवून घ्यावा लागेल आणि तो खर्च किमतीत धरा.