आमटीत गोळी घालू नका

आधी माझी चूक सांगते. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे; नसलेले आवाज ऐकू येतात, उगाच संशय येतो. ते गोळी घेईनात म्हणून मी ती कुटून आमटीत घालायला लागले. आठव्या दिवशी वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. ‘शेजारचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात’ असं ते म्हणायचेच. आता घालणारी घरातच सापडली. पुढे तीन आठवडे केळी आणि बंद पुड्यातली बिस्किटं, एवढंच खाल्लं त्यांनी.

आता रात्री पाकीट त्यांच्यासमोर ठेवते, गोळी ते स्वतः काढतात. नको म्हणाले तर “का?” असं दरडावत नाही. “गोळीनं काय त्रास होतो, भाऊजी?” एवढंच. हात थरथरतात, सकाळी डोकं जड असतं, वजन वाढलंय. ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायचं. डोस, वेळ, औषध, काहीही बदलता येतं. रोजची गोळी जमतच नसेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद मात्र करायचं नाही.

आवाज ऐकू येतात म्हणाले तर वाद घालू नका, हो ला होही करू नका. मी म्हणते, “मला नाही येत ऐकू, पण तुम्हाला भीती वाटतेय ना? बसते मी इथं.” सासूबाई अंगारा लावतात. लावू देते, गोळी चुकली नाही म्हणजे झालं.

‘एवढा शिकलेला, नुसता लोळतो’ हे घरात बंद केलं. तो आळस नाही, आजारच आहे. सकाळचं दूध त्यांनी आणायचं, एवढं ठरलंय.

वहीत झोपही लिहा. दोन रात्री जागले, अंघोळ टाळली, खिडकीला पेपर चिकटवले, की मी लगेच डॉक्टरांना फोन करते. आरडाओरड्याची वाट बघत नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. जीव द्यायचं काही बोलले तर तसा विचार आहे का ते सरळ विचारा, एकटं सोडू नका, तणनाशकाची बाटली घराबाहेर हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि बुधवार माझा. त्या दिवशी भाऊजींकडे नवरा बघतो, मी माहेरी.

परवा आमटी वाढली तर भाऊजी वाटीत बघत बसले. मी काही बोलले नाही. माझी वाटी त्यांच्यापुढे सरकवली, त्यांची मी घेतली आणि भुरकायला लागले.