सीएच-५० शून्य आला? आधी नमुना तपासा

कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली, जंतूंशी लढणारी प्रथिनांची साखळी; सी-१ ते सी-९ हे तिचे घटक. सी-३ आणि सी-४ नॉर्मल, सीएच-५० ही चाचणी मात्र शून्य. असा रिपोर्ट आला की पहिला संशय रुग्णावर नाही, नमुन्यावर घ्यायचा. सी-३, सी-४ च्या चाचण्या प्रथिन किती आहे एवढंच मोजतात. सीएच-५० पाहते की कॉम्प्लिमेंटची साखळी प्रत्यक्ष चालते का. प्रतिपिंडं चिकटवलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींवर रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) पातळ करत करत घालायचं आणि निम्म्या पेशी कितपत पातळ सीरमने फुटतात ते बघायचं. सी-१ ते सी-८ मधली एक कडी जरी निकामी असली, तरी पेशी फुटत नाहीत; सी-९ नसेल तर थोड्या फुटतात.

नमुना प्लेन ट्यूबमध्ये घ्या, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन नसलेल्या. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या झाकणाची ट्यूब या चाचणीला चालत नाही, कारण सी-१ ला कॅल्शियम लागतं, पुढच्या टप्प्याला मॅग्नेशियम, आणि ईडीटीए दोन्ही पकडून बसतं. रक्त खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटं गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सीरम लगेच वेगळं काढून उणे ७० अंशांना ठेवा, पाठवताना कोरड्या बर्फात. एकदा वितळलेलं परत गोठवू नका. (५६ अंशांवर अर्धा तास ठेवून कॉम्प्लिमेंट मुद्दाम मारतातही, उष्णतेपुढे ते इतकं नाजूक आहे.)

नव्या नमुन्यातही शून्यच आलं, तर एएच-५० करा. ही चाचणी सी-१, सी-२, सी-४ वगळून जाणारा कॉम्प्लिमेंटचा दुसरा मार्ग तपासते. दोन्ही शून्य असतील तर दोष सी-३ किंवा सी-५ ते सी-८ मध्ये. एएच-५० नॉर्मल असेल तर सी-१, सी-२ किंवा सी-४ मध्ये.

आता आकडे. सी-३ साधारण ९० ते १८०, सी-४ १० ते ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; तरी आपल्या लॅबची रेंजच धरा. दोन्ही कमी असतील तर प्रतिपिंड-प्रतिजनाच्या जोड्या कॉम्प्लिमेंट खात आहेत, ल्युपसमध्ये (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) होतं तसं. फक्त सी-३ कमी असेल तर स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या संसर्गानंतरची मूत्रपिंडाची सूज आठवा. ६ ते ८ आठवड्यांत सी-३ वर यायला हवा, नाही आला तर निदान पुन्हा तपासा. फक्त सी-४ कमी आणि अंगावर वारंवार सूज, पण गांधी नाहीत, असं असेल तर सी-१ इनहिबिटरचं (सी-१ ला आवर घालणाऱ्या प्रथिनाचं) प्रमाण आणि कार्य दोन्ही मागवा. काहींत प्रमाण नॉर्मल असतं, काम मात्र कमी.

फसवणारी गोष्ट एकच: संसर्गात यकृत सी-३ जास्त बनवतं, त्यामुळे तो खर्च होत असतानाही आकडा नॉर्मल दिसू शकतो. म्हणून एका आकड्यावर भिस्त नको, आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा.

सी-५ ते सी-९ मधला घटक जन्मतःच नसेल तर मेनिंगोकॉकसचा (मेंदूज्वर करणाऱ्या जिवाणूचा) संसर्ग वारंवार होतो. त्याचं पातळ कवच फोडणारं भोक याच घटकांचं बनतं. तरी मेनिंगोकॉकसची लस द्यायचीच. लसीने बनलेली प्रतिपिंडं आणि शाबूत असलेला सी-३बी (सी-३ चा तुकडा) जिवाणूला चिकटतात, मग भक्षक पेशी त्याला गिळतात. बूस्टर चुकवू नका, आणि लस घेतलेली असली तरी ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा.